बिशपांची फेरी

नमस्कार, श्रोतेहो.

२०२५ च्या जानेवारीतला शेवटचा रविवार. आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, चालली होती. वेदीवर पाहुणे म्हणून आलेले एक वयस्कर फादर होते. मिस्सेच्या मध्यावर एक प्रार्थना येते, तिच्यात आधी पोपचं नाव घेतात आणि पाठोपाठ आपल्या बिशपांचं, म्हणजे आपल्या भागातल्या धर्मप्रमुखांचं. फादर सवयीनं म्हणून गेले, "आमचे बिशप ऑस्वल्ड." मग थबकले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "जॉन." पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघून गालात हसल्या. कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस २००६ पासून मुंबईचे आर्चबिशप होते. २५ जानेवारीला ते पायउतार झाले आणि जॉन रॉड्रिग्ज त्यांच्या जागी आले. अठरा वर्षांची जिभेची सवय एका दिवसात कशी जाणार?

ठाणे असो, वाशी असो की पनवेल, इथला लॅटिन, म्हणजे रोमच्या रीतीनं उपासना करणारा, कॅथलिक मुंबईच्या आर्चबिशपांच्या छत्राखाली येतो. त्यांचं कॅथेड्रल कुलाब्याला. कॅथेड्रल म्हणजे काही मोठं चर्च नव्हे, ज्या चर्चमध्ये बिशपांची खुर्ची असते ते कॅथेड्रल. ठाण्यात तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्टचं पोर्तुगीज काळातलं चर्च आहे, पण बिशपांची खुर्ची तिथे नाही. मग इतक्या लांब बसलेल्या माणसाचं नाव आम्ही रोजच्या मिस्सेत का घेतो? आणि तो माणूस आमच्यासाठी नेमकं काय करतो? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

बिशप म्हटलं की पुष्कळांना उंच टोपी आणि वरून वळलेली काठी आठवते. ती काठी मेंढपाळाची. शब्द मात्र मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थ अगदी साधा: देखरेख करणारा. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत ज्याला सुपरवायझर म्हणायचे, शब्दाला शब्द लावला तर तोच. माझे वडील अशाच एका कारखान्यात होते. ते म्हणायचे, सुपरवायझर दोन जातींचे, एक केबिनमधून घंटी वाजवणारा आणि दुसरा मशीनपाशी येऊन उभा राहणारा. बिशपांबद्दल वाचताना मला हटकून तेच आठवतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये बिशपांच्या सेवेवर एक स्वतंत्र दस्तऐवज काढला. शिकवणं, पवित्र करणं आणि कारभार पाहणं, अशी तीन कामं त्यात सांगितली आहेत. कारभार सगळ्यांनाच दिसतो. शाळा, जमिनी, फादरांच्या बदल्या, त्यावरून होणारी कुजबुज, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात मी जात नाही. न दिसणाऱ्या कामांपैकी एक मात्र सांगतो. आम्ही मिस्सेला हेतू देतो, म्हणजे ती कुणासाठी अर्पण करायची ते सांगतो. आईचा वर्षदिन असतो, नातवाची परीक्षा असते, आणि सोबत पाकिटात थोडे पैसे ठेवतो. बिशपांवर १९८३ च्या धर्मसंहितेनं, म्हणजे चर्चच्या कायद्यानं, असं बंधन घातलंय की दर रविवारी आणि ठरलेल्या सणांना त्यांनी एक मिस्सा आपल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करायचीच. तिच्यासाठी कुणी पाकीट द्यायचं नाही आणि कुणी हेतू सांगायचा नाही. म्हणजे कोपरखैरण्याच्या चाळीतली एखादी बाई चर्चला यायची कधीच थांबली असली, तरी दर आठवड्याला तिच्या वाट्याची प्रार्थना कुणीतरी करतोय, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

पवित्र करण्याचं काम हाताला लागतं ते तेलातून. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात बिशप तेलं आशीर्वादित करतात. त्यातलं एक ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून केलेलं. तिथून त्याच्या बाटल्या गावोगावच्या चर्चमध्ये जातात, ठाण्यालाही येतात. वर्षभरात आमच्याकडे जेवढ्या बाळांचा बाप्तिस्मा होतो, त्यांच्या टाळूला लागतं ते हे तेल. बिशप स्वतः आले नाहीत तरी त्यांचं तेल आलेलं असतं.

दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या विधीला, मात्र शक्यतो ते स्वतः येतात. माझं दृढीकरण १९६७ सालचं, मी नऊ वर्षांचा. तेव्हाच्या विधीत बिशप गालावर हलकी चापट मारायचे, विश्वासासाठी सोसायची तयारी ठेव, अशा अर्थानं. मोठ्या भावानं मला आठवडाभर घाबरवलं होतं, "दात पडतो एखाद्याचा." मी रांगेत दात घट्ट आवळून उभा. बिशपांचा अंगठा कपाळावर फिरला, तेल थंडगार लागलं, आणि गालाला दोन बोटं जेमतेम टेकली. एवढंच? मी चक्क हिरमुसलो! आजीनं रात्री तोंड धुऊ दिलं नाही. पुढे काही वर्षांत विधी बदलला आणि ती चापटही गेली.

आता फेरीबद्दल. बिशपांना वर्षातून साधारण महिनाभरापेक्षा जास्त काळ आपला धर्मप्रांत, म्हणजे आपल्या देखरेखीखालचा प्रदेश, सोडून राहता येत नाही. नाताळ, पवित्र आठवडा, ईस्टर या दिवसांत तर तातडीचं कारण असल्याशिवाय नाहीच. हा नियम उगाच आलेला नाही. एके काळी युरोपात बिशप तीन-तीन धर्मप्रांतांचं उत्पन्न खायचे आणि राहायचे भलतीकडे. मिलान शहरानं सुमारे ऐंशी वर्षं आपल्या आर्चबिशपला तिथे राहताना पाहिलंच नव्हतं. मग १५६५ मध्ये चार्ल्स बोरोमिओ तिथे येऊन राहिले. खेचरावर बसून डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरले. १५७६ ला प्लेग आला, शहराचे मानकरी पळाले, आणि हे मागे राहून आजाऱ्यांच्या दारात जात राहिले.

पाच वर्षांत निदान एकदा बिशपांनी सगळा धर्मप्रांत फिरून पाहावा, स्वतः किंवा साहाय्यक बिशपांमार्फत, असाही नियम आहे. आणि त्याच्या जोडीला एक गोड कलम: या भेटीत अनावश्यक खर्चानं कुणावर भार पडू देऊ नये. हे कलम आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, बायकांना कुणी वाचून दाखवलेलं नाही. बिशप येणार म्हटलं की आदल्या रात्रीपासून फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ भिजतं आणि बाटलीचा मसाला घालून तीन प्रकारचं मटण शिजतं.

अशाच एका भेटीच्या वेळी मी चर्चच्या कचेरीत मदतीला होतो. बिशपांनी बाप्तिस्म्याच्या वह्या मागवल्या. तपासणं हा त्यांच्या कामाचाच भाग. त्या वहीत प्रत्येक नावाशेजारी समास सोडलेला असतो, पुढे त्या माणसाचं दृढीकरण झालं, लग्न झालं की तिथे नोंद करायची. मला वाटलं, दोन पानं उलटतील, सही ठोकतील. ते खुर्ची ओढून बसले. बोट समासावरून खाली जात होतं. १९७४ च्या एका पानावर थांबले. एकाच घरातली तीन भावंडं, शेजारचा समास कोरा.

"हे घर कुठे गेलं?"

फादर म्हणाले, "डोंबिवलीकडे गेले असतील, नक्की नाही सांगता येणार."

"कुणी गेलं होतं का विचारायला?"

कुणीच काही बोललं नाही. पंख्यानं पान फडफडलं तेवढंच. त्यांनी ती तीन नावं आपल्या छोट्या डायरीत उतरवून घेतली आणि मगच सही केली.

वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला, तरी मुंबईच्या आर्चबिशपांचा पसारा अजून मोठाच आहे. त्यातून नवी मुंबईची तऱ्हा निराळी. सिडकोनं गाव वसवलं आणि माणसं आली मंगळूरहून, गोव्याहून, केरळातून, तामिळनाडूतून. नेरुळच्या एकाच इमारतीत दोन कॅथलिक शेजारी असतात. एकाचे बिशप मुंबईचे, दुसरा सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या रीतीचा, म्हणून १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या धर्मप्रांताचा. दोघांची श्रद्धा एक, पोप एक, उपासनेची रीत वेगळी. लोकांच्या भाषेत त्यांची काळजी वाहणं हेही बिशपांचं काम, आणि खरं सांगायचं तर इथे मराठीची आबाळ होते. इंग्रजी मिस्सा सोयीच्या वेळेला, मराठी मात्र पहाटे. इथल्या आगरी-कोळी गावांमध्ये वसलेल्या शहरात हे मला तरी पटत नाही.

माझी आणखी एक तक्रार आहे. कुठल्या धर्मग्रामातली, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतली, ते सांगत नाही. दफनभूमीत पावसाळ्यात पाणी साचायचं, कबरी खचायच्या. आम्ही चौदा जणांनी सह्या करून वर पत्र पाठवलं. वर्षभर पोचही आली नाही. ही बाब लहान. याहून फार गंभीर तक्रारी जगभर दाबल्या गेल्या, मुलांवरच्या अत्याचारांच्या, आणि त्या दाबणाऱ्यांत बिशपही होते. म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये स्पष्ट केलं की गंभीर हयगय केलेल्या बिशपाला पदावरून काढता येईल. २०१९ मध्ये बिशपांविरुद्धच्याही तक्रारी नोंदवून त्यांची चौकशी कशी करायची याचे नियम आले. देखरेख करणाऱ्यावरही देखरेख. उशीर झाला, फार झाला, पण आले.

ठाण्याचं बिशपपदाशी जुनं नातं आहे, तेही सांगून टाकतो. १३२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस हा फ्रेंच डॉमिनिकन त्या वेळी गुजरातच्या वाटेवर होता. तो परत आला, त्यानं चौघांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि तो या किनाऱ्यावर एकटाच राहिला. इथून त्यानं आपल्या संघबंधूंना लिहिलेलं पत्र टिकून आहे. एकटेपण, हाल, आणि आणखी माणसं पाठवा ही विनवणी. १३२९ मध्ये पोपनी त्याला कोल्लमचा बिशप नेमलं, भारतातला पहिला लॅटिन धर्मप्रांत तो. टोपी आणि काठी मिळण्याआधी आठ वर्षं त्यानं सोबत्यांना खांदा दिला होता.

आमच्या त्या दफनभूमीचं पुढे काय झालं? तिथेही बिशपांची फेरी आली. ऐन जुलै. जेवणाआधी ते म्हणाले, "आधी तिकडे जाऊ." पायमोजे काढून खिशात कोंबले आणि चिखलात उतरले. एक म्हातारी नवऱ्याच्या कबरीपाशी छत्री धरून उभी होती. तिनं अंगठीचं चुंबन वगैरे काही घेतलं नाही, सरळ विचारलं, "बिशप, मराठी मिस्सा सहाला कशाला? माझे गुडघे नाय चालत त्या वेळेला." त्यांनी डायरी काढली. पावसानं शाई फुटत होती, म्हणून तिनं छत्री त्यांच्यावर धरली.

पुढच्या महिन्यापासून मराठी मिस्सा आठ वाजता झाली. पाण्याचं काम अजून चालूच आहे.

नमस्कार.