बटण दाबलं, चित्र गेलं कुठे?

स्क्रीनशॉट कसा काढायचा, असं मला फारसं कोणी विचारत नाही. लोक तक्रार घेऊन येतात: "प्रिंट स्क्रीन दाबलं, काहीच झालं नाही." झालेलं असतं सगळं. चित्र निघालेलं असतं. ते कुठे जाऊन पडलं, एवढंच कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज आपण त्या चित्राच्या मागे मागे जाऊ.

सुरुवात बटणाच्या नावापासून. प्रिंट म्हणजे छापणं, आणि ते खरोखरच छापायचं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा शिफ्टबरोबर हे बटण दाबलं की पडद्यावरचा मजकूर सरळ प्रिंटरकडे जायचा. मजकूर तरी केवढा? ८० अक्षरांच्या २५ ओळी. कागद करकरत बाहेर आला की काम झालं. चित्र कुठे गेलं हा प्रश्नच नव्हता, हातात कागद असायचा. पुढे विंडोज आली आणि तेच बटण चित्र गुपचूप क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेली गोष्ट पेस्ट करेपर्यंत संगणक जिथे धरून ठेवतो तिथे, ठेवू लागलं. आवाज नाही, कागद नाही, बटणावरचं नाव मात्र जुनंच. सगळ्या गोंधळाचं मूळ हे आहे.

क्लिपबोर्ड म्हणजे एका हातात एकच वस्तू. दुसरी उचलली की पहिली सुटली. माझंच सांगते. एकदा एक विचित्र एरर आली. प्रिंट स्क्रीन दाबलं, मेल उघडली आणि ज्यांना पाठवायची त्यांचा पत्ता कॉपी करून वर टाकला. मग खाली येऊन ऐटीत पेस्ट केलं, तर पुन्हा तोच पत्ता! चित्र गेलं, आणि ती एररही पुढे दोन आठवडे फिरकली नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून विंडोज आणि व्ही दाबून आधी कॉपी केलेल्या गोष्टी परत मिळतात, पण ही सोय अगोदर चालू करून ठेवावी लागते. आज घरी गेल्यावर करून ठेवा.

आता बाकीची बटणं. ऑल्टबरोबर प्रिंट स्क्रीन दाबलं तर फक्त समोरची विंडो क्लिपबोर्डवर जाते. विंडोजच्या बटणाबरोबर दाबलं तर पडदा क्षणभर काळवंडतो आणि फाइल तयार होते. ती पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये असते. बऱ्याच जणांच्या त्या फोल्डरमध्ये शेकडो चित्रं साठलेली असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की हवा तेवढा भाग माउसने ओढून घेता येतो. मी दिवसभर हेच वापरते. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी हेच स्निपिंग टूल उघडतं. नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं.

मॅकवाल्यांचं दुखणं उलटं. कमांड, शिफ्ट आणि ३ दाबलं की अख्खा पडदा, ४ दाबलं की निवडलेला भाग, आणि दोन्ही वेळा फाइल थेट डेस्कटॉपवर. महिनाभरात डेस्कटॉपचं अडगळीचं कपाट होतं. त्याच बटणांत कंट्रोल मिळवा, म्हणजे चित्र क्लिपबोर्डवर जाईल. ४ नंतर स्पेस दाबून विंडोवर क्लिक केलं तर तेवढी विंडोच निघते. लिनक्सवर ग्नोम नावाचा डेस्कटॉप असतो, त्याच्या नव्या आवृत्त्यांमध्ये चित्र फाइलमध्येही जातं आणि क्लिपबोर्डवरही. माझ्या मते हीच शहाण्याची रीत.

उघडलेला मेनू टिपायचा असेल तर तो बटण दाबताच मिटतो, ही नेहमीची रड. त्यासाठी स्निपिंग टूलमध्ये ३, ५ किंवा १० सेकंदांचा उशीर लावायची सोय आहे. आणि चित्राच्या फाइलींचे पीएनजी, जेपीजी असे प्रकार असतात, त्यांतल्या पीएनजीतच मजकुराचं चित्र ठेवा. जेपीजीत अक्षरांच्या कडेला मळ धरतो.

आता शेवटचा प्रश्न: चित्र कापल्यावर कापलेला भाग कुठे जातो? जायला हवा कचऱ्यात. पण मार्च २०२३ मध्ये उघड झालं की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये तो जातच नव्हता. समजा मूळ फाइल ५०० केबींची. तुम्ही चित्र कापलं आणि त्याच नावाने सेव्ह केलं. नवं चित्र १०० केबींचं. ते फाइलच्या सुरुवातीला लिहिलं जायचं, पण फाइल तिथे तोडायची राहून जायची, त्यामुळे मागचे ४०० केबी जुन्या चित्राचेच. उघडणाऱ्याला ते दिसत नसत, पण जाणकाराला त्यातून कापलेला बराचसा भाग पुन्हा उभा करता येई. गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही हाच दोष सापडला होता. दोन्हीकडे दुरुस्ती झाली, पण आधी कापलेल्या फाइलींचं काय? त्या आहेत तशाच आहेत.

तेव्हा त्या काळातले कापलेले स्क्रीनशॉट असतील तर फाइलचा आकार बघा. बोटभर चित्र आणि फाइल भलीथोरली, असं दिसलं तर कोणाला पाठवण्याआधी ते पेंटमध्ये उघडा, सगळं कॉपी करून कोऱ्या पानावर पेस्ट करा आणि नव्या नावाने सेव्ह करा.