आवाज गेला की आधी कोणती वायर काढायची?

(हंगामाआधी वडसा येथे झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक मंडळ्यांचे वादक आणि साउंडवाले यांच्यासमोर केलेलं भाषण. बोलण्यातला पाल्हाळ तेवढा कमी केला आहे.)

मंडळी, नमस्कार. मंडईच्या जत्रांचे आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींचे दिवस तोंडावर आले, तुमच्या तालमी सुरू आहेत, म्हणून लांबण लावत नाही. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी आता गिटारवाला बसतो. त्याच्यासमोर डिजिटल ॲम्प, आवाजाला वेगवेगळे इफेक्ट देणारी चार-पाच पेडल, पायाशी टोन बदलायचा फूटस्विच आणि खिशातल्या मोबाइलमध्ये ॲप. पडदा उघडायला अर्धा तास राहतो आणि आवाज गायब. मग आधी गिटारवाला, मग ऑर्गनवाला, मग मंडपवाल्याचा पोरगा, जो येतो तो एक बटण दाबून पाहतो. बिघाड एकच असतो, दहा मिनिटांत त्याचे तीन होतात.

या सामानात दोन वेगळ्या वाटा आहेत. एक आवाजाची: गिटार, पेडल, ॲम्पचा इनपुट, आतलं प्रोसेसिंग, आणि पुढे स्पीकर किंवा मिक्सर. दुसरी हुकुमाची: फूटस्विच, पाय कमी-जास्त दाबून चालवायचं एक्स्प्रेशन पेडल, यंत्रानं यंत्राला हुकूम द्यायची मिडीची वायर, ब्लूटूथ. या दुसऱ्या वाटेने आवाज जातच नाही. 'तिसरा टोन लाव', 'डिले बंद कर' एवढाच निरोप जातो. बिघडलं की पहिला प्रश्न हा, की कोणती वाट तुटली? ॲम्पच्या पॅनलवरचं बटण हातानं दाबा. टोन बदलला आणि वाजला, तर ॲम्प ठीक आहे, हुकुमाची वाट गेली. मग रिमोटची वायर काढून ठेवा आणि पहिला अंक हातानं टोन बदलून काढा. प्रेक्षकांना तुमच्या पायाखाली काय आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही जी.

अपवाद एक आहे आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. एक्स्प्रेशन पेडलला व्हॉल्यूम नेमून दिलेला असेल आणि पेडल टाचेकडे दाबलेलं राहिलं, तर आवाज शून्य. तिथं हुकुमानंच आवाज बंद केलेला असतो. ट्यूनरचंही तसंच. सूर जुळवायचं बहुतेक ट्यूनर पेडल चालू केलं की पुढचा आवाज बंद करतं. अंधारात कोणाचा पाय पडला की झालं.

आता आवाजाची वाट. सगळी पेडल काढा, एक खात्रीची वायर घ्या आणि गिटार थेट ॲम्पमध्ये लावा. आवाज आला तर एकेक पेडल परत जोडत या. धानाच्या शेवटच्या बांधीत पाणी पोहोचत नसेल तर आपण पाट धरून चालत जातो, कुठं फुटला ते पाहतो. इथंही तसंच चालत जायचं. पेडल जास्त असतील तर मधोमध तोडा: अर्धी साखळी काढली आणि आवाज आला, म्हणजे खोट काढलेल्या अर्ध्यात. थेट लावूनही आवाज नसेल तर गिटारचा व्हॉल्यूम बघा, वायर बदला. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह पिकअप असेल तर आतली नऊ व्होल्टची बॅटरी बघा. जॅक खोचलेला असेपर्यंत ती बॅटरी खर्च होत राहते, वाजवा की न वाजवा. गिटार स्टँडवर ठेवताना वायर काढायची सवय लावा. हेडफोनच्या जॅकमध्ये काही अडकलं असेल तरी पुष्कळ ॲम्पचा स्पीकर आपोआप बंद होतो.

बाहेरचा इफेक्ट मध्ये जोडायला ॲम्पच्या मागच्या बाजूला असलेल्या सेंड आणि रिटर्न या दोन जॅकवर मात्र जरा थांबतो, कारण आपल्या भागात हा रोग फार आहे. काही खोचलेलं नसेल तेव्हा रिटर्नच्या जॅकमधली एक पत्ती आवाजाला सरळ पुढे जाऊ देते. वायर खोचली की ती पत्ती उचलली जाते. पौष-माघाच्या रात्री उघड्या मंडपात दव पडतं, ॲम्प सकाळी टेम्पोत जातो, रस्त्याची धूळ बसते. त्या पत्तीवर मळाचा थर चढतो आणि वायर नसतानाही वाट अडते. आवाज कधी येतो, कधी जातो, कधी ॲम्पला थापटलं की येतो. ब्रह्मपुरीकडच्या एका मुलानं असा ॲम्प विकायला काढला होता. सेंडमधून रिटर्नमध्ये एक आखूड वायर लावून पाहिली, लगेच वाजला. मग जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला, संपला विषय. काही डिजिटल ॲम्पमध्ये ही सेंड-रिटर्नची वाट, म्हणजे लूप, मेनूतूनही चालू-बंद होतो, तेही बघून घ्या. आणि घासलेट किंवा डब्ल्यूडी-फोर्टी वापरू नका, त्याचा चिकट थर राहतो आणि पुढच्या धुळीला बसायला जागा मिळते.

आवाज येतो, पण पत्र्यावर खडे पडल्यासारखा कर्कश येतो, ही तक्रार ॲम्प थेट मिक्सरला जोडला की येते. स्पीकरच्या पेटीचं रूप आतल्या आत तयार करणारं कॅब सिम्युलेशन बंद असतं. ते चालू करा. उलट, ॲम्पचं आउटपुट दुसऱ्या गिटार ॲम्पच्या इनपुटला दिलं आणि हे सिम्युलेशन चालूच ठेवलं, तर आवाज गोधडीत गुंडाळलेला लागतो.

आता हुकुमाची वाट, म्हणजे जिथं मेकॅनिकही गोंधळतो. फूटस्विच दोन जातींचे असतात. एक दाबलं की तसाच राहतो, पुन्हा दाबलं की सुटतो. दुसरा फक्त दाबून धरेपर्यंत जोडलेला असतो. ॲम्पला दुसरा हवा आणि तुम्ही पहिला लावला, तर प्रत्येक काम दोनदा दाबल्यावर होतं. उलट केलं, तर पाय उचलला की इफेक्ट बंद. दोन्ही वस्तू धडधाकट असतात, जोडी चुकलेली असते. काही ॲम्पच्या मेनूत जात बदलता येते. दोन बटणांच्या स्विचला गिटारची साधी मोनो वायर लावली, तर एक बटण कायमचं दाबलेलं आहे असं ॲम्पला वाटतं, कारण मोनो प्लगचा लांब दांडा आतल्या रिंगला ग्राउंडशी जोडून टाकतो. तिथं दोन काळ्या पट्ट्यांची स्टिरिओ वायरच पाहिजे. आणखी एक, फूटस्विचवर पाय ठेवून ॲम्प चालू करू नका. चालू होताना बटण दाबलेलं असेल तर काही यंत्रं दाबणं म्हणजे चालू की बंद हे तेव्हाच ठरवतात, आणि काही तर थेट फॅक्टरी रीसेट करतात. केलेले सगळे टोन गेले.

एक्स्प्रेशन पेडल आणि व्हॉल्यूम पेडल बाहेरून सारखं दिसतं, पण व्हॉल्यूम पेडलमधून खुद्द आवाज जातो. एक्स्प्रेशन पेडल फक्त पाय किती दाबला ते सांगतं. शिवाय वेगवेगळे उत्पादक त्यातली जोडणी वेगवेगळी करतात, म्हणून एकाचं पेडल दुसऱ्याच्या ॲम्पवर उलटं चालतं किंवा अर्ध्यापर्यंतच जातं. मेनूत कॅलिब्रेशन असतं. टाच पूर्ण दाबा, मग बोटं पूर्ण दाबा, सेव्ह करा. सेव्ह करायला विसरू नका. पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या टोनमध्ये, केलेला बदल सेव्ह केला नाही आणि लाइट गेली, की जुना टोन परत.

मिडी ही पद्धत १९८३ साली आली आणि अजून तीच चालते. १६ चॅनल आहेत. कंट्रोलर एका चॅनलवर बोलतो आणि ॲम्प दुसऱ्यावर ऐकत बसला असेल, तर काही होत नाही. आउटची वायर इनमध्ये जाते, आउटमध्ये नाही. पॅचचे क्रमांक मुळात ० ते १२७, पण काही यंत्रं तेच १ ते १२८ असे दाखवतात. तुम्ही पाचवा मागता आणि सहावा येतो, तो याच्यामुळं. वायर १५ मीटरच्या आत ठेवा. आणि हल्ली यूएसबीवाले कंट्रोलर आले, त्यात नवा घोळ: ॲम्पही यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र आणि कंट्रोलरही तेच. दोघांना एका वायरनं जोडलं तरी ते एकमेकांशी बोलत नाहीत, मध्ये कॉम्प्युटर किंवा यूएसबी होस्ट लागतो. मोबाइलच्या चार्जरची वायर तर पुष्कळदा फक्त वीज नेते, डेटा नेतच नाही.

ब्लूटूथचं विचारायलाच तुमच्यापैकी अर्धे आले असतील. ॲपला ॲम्प दिसत नाही, तर आधी फोनचं लोकेशन चालू करा. जुन्या अँड्रॉइडमध्ये लोकेशन बंद असेल तर ब्लूटूथचा शोधच लागत नाही. मग बघा, दुसऱ्या कोणाचा फोन तर ॲम्पला आधीच चिकटला नाही ना. बहुतेक ॲम्प एका वेळी एकाच ॲपचं ऐकतात. कित्येक ॲम्पमध्ये गाणं ऐकायचं ब्लूटूथ आणि हुकुमाचं ब्लूटूथ वेगळं असतं. फोनच्या सेटिंगमध्ये जोडलेलं दिसतं, पण ॲपमधून वेगळं जोडावं लागतं. रिकाम्या मंडपात चाललं आणि गर्दी झाल्यावर तुटलं, तर नवल नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसांच्या अंगातलं पाणी शोषतं, आणि वायरलेस गिटारचे बरेचसे संच, वायफाय, सगळे तिथंच गर्दी करतात. फोन ॲम्पजवळ ठेवा, एअरप्लेन मोड लावून नंतर ब्लूटूथ चालू करा, म्हणजे करुण प्रसंगात मामाचा फोन स्पीकरवर वाजणार नाही. माझं मत विचाराल तर ॲप घरी टोन बनवायला, नाटकात पायाचा स्विच.

या दोन्ही वाटांच्या खाली वीज आहे. आपल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या मंडपाला अर्थिंग मात्र अजून मिळायचं आहे. ॲम्प लावण्याआधी मल्टिमीटरनं बोर्ड मोजा. २३० व्होल्टच्या आसपास पाहिजे. हॅलोजन पेटले की आकडा एकदम वर-खाली होत असेल तर न्यूट्रल ढिला आहे. थ्री फेजचा न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजच्या बोर्डावर चारशेच्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं, तेव्हा ॲम्प लावूच नका, वायरमनला बोलवा. घोंगावणं कमी व्हावं म्हणून प्लगची तिसरी पिन कापणारे कलाकार आहेत. माइकला ओठ लागला की झटका बसतो तो त्यांच्याचमुळं. ग्राउंड तोडायचा तर ॲम्प आणि मिक्सरच्या मध्ये लावतात त्या डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणानं तोडा, सिग्नलच्या वायरीत, विजेच्या नाही.

पेडलचे अडॅप्टर बहुधा नऊ व्होल्टचे, मधली पिन निगेटिव्ह. कीबोर्डचा अडॅप्टर त्यात बसतो म्हणून लावू नका, उलटा निघाला तर पेडल जाईल. मिलिॲम्पियरची बेरीज करा. डिजिटल पेडलला एकट्याला दोनशे-तीनशे लागतात, आणि कमी पडलं की ते मध्येच बंद होऊन चालू होतं. एका अडॅप्टरवर सगळी पेडल लावून चिरचिर येत असेल तर डिजिटल पेडलला वेगळा अडॅप्टर द्या. चिरचिर गिटार फिरवल्यावर कमी-जास्त होत असेल, तर ती लाइट मंद करणाऱ्या डिमरची किंवा ट्रान्सफॉर्मरची आहे. बसायची जागा बदला.

फर्मवेअर अपडेट हंगाम संपल्यावर, इन्व्हर्टरवर, आणि टोनचा बॅकअप घेऊन.

हे समोर टेबलवर जे मांडलंय, ते मी मुद्दाम बिघडवून ठेवलंय, आणि बिघाड एकापेक्षा जास्त आहेत. या तिघं-चौघं पुढं. आणि बटण दाबायच्या आधी मला सांगा, कोणती वाट.