माचाची ईस्टर अंडी, शेवयांच्या घरट्यात (ओव्हनशिवाय)

नमस्कार! आधी हे दोन डबे बघा. दोन्हींत माचाच आहे, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पानांची बारीक पूड. हा गेल्या आठवड्यात उघडलाय, आणि हा वर्षभर ओट्यावर, गॅसच्या बाजूला पडून होता. पहिला ताज्या मटारासारखा हिरवा. दुसरा? थेट मेंदी!

ओव्हनमध्येही हेच होतं, फक्त वर्षाऐवजी अर्ध्या तासात. हरितद्रव्य तापलं की त्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि रंग खाकीकडे झुकतो. जपानमध्ये ही चहाची झुडपं तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावलीत झाकून ठेवतात, म्हणून पानात हिरवेपणा आणि गोडसर चव साठते. मग ती पानं दगडी जात्यावर दळायची. एका जात्यातून तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते. एवढ्या खटाटोपाची पूड भट्टीत घालायला माझा तरी हात धजत नाही.

आणि बिनभट्टीची ईस्टर अंडी आपल्याला नवीन थोडीच आहेत? वसईत, वांद्र्यात, गोव्यात काजूच्या मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या गोळ्याची, अंडी होतातच. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपला की त्या गोडाची चव काही औरच लागते. आज काजूऐवजी व्हाइट चॉकलेट.

साहित्य लिहून घ्या. व्हाइट चॉकलेट २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम ६० मिली, माचा दोन छोटे चमचे, चिमूटभर मीठ. पाकिटावर ‘कोको बटर’ लिहिलेलं चॉकलेट घ्या. कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट, चालतं, पण टाळूला मेणासारखं चिकटतं. माचा बिनसाखरेचा हवा. चॉकलेट आधीच इतकं गोड असतं की माचाचा कडवटपणाच तोल सांभाळतो.

आता खरी गोम. पहिल्या वेळी मी माचा सरळ गरम क्रीममध्ये ओतला. पालकाच्या पातळभाजीत बेसनाच्या गुठळ्या राहाव्यात तसं झालं! म्हणून आधी चहाच्या गाळणीतून माचा चाळा. त्यात यातलंच दोन चमचे थंड क्रीम घालून घोटा. हे बघा, चमच्यावरून फितीसारखं ओघळतंय. उरलेलं क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून बाहेर हळूहळू ढवळा. चॉकलेट विरघळलं नाही तर गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगा क्षणभर धरा, पण आत पाण्याचा थेंब नको. शेवटी मीठ आणि माचाची पेस्ट. दोन-तीन तास फ्रीजमध्ये.

तोवर घरटी. वाटीभर बारीक शेवया चमचाभर तुपात खमंग भाजा, गार करा, वेगळ्या वितळवलेल्या चॉकलेटमध्ये जेमतेम माखतील इतक्याच कालवा. वाटीला आतून प्लॅस्टिकचा कागद लावून त्यात दाबा, मधे अंगठ्याने खळगा करा. टोकं बाहेर आली तर येऊ द्या, कुठल्या पाखराचं घरटं गुळगुळीत असतं?

अंडी वळताना हात बर्फाच्या पाण्यात बुडवून नीट पुसा. एप्रिलचा उकाडा आहे, पंख्याखाली बसा आणि मिश्रण थोडं थोडंच बाहेर काढा. लाडू वळायचा आणि एका बाजूने निमुळता करायचा. अठरा-वीस होतात. मुलांना एखाद-दुसरंच द्या, आणि रात्री नको. शेवटी हा चहाच आहे.

वरून माचा भुरभुरवायचा तो वाढताना. हे अंडं मी काल रात्रीच घोळवून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. जवळून दाखवते… दिसतायत हे काळपट ओले डाग? पूड ओल ओढून बसली. आणि हे आत्ता, तुमच्यासमोर घोळवलेलं. मखमल!