चार्ज देण्याचा कागद

(छत्रपती संभाजीनगर येथे प्राध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'नियोजनतज्ज्ञ' म्हटलं. घरी सांगू नका. कोथिंबीर आणायला जाऊन दोडके घेऊन येणारा माणूस आहे मी.

विषय दिलाय छोट्या कॅथलिक विद्यापीठाचं धोरणात्मक नियोजन. पत्रिका वाचून एका मित्राचा फोन आला, 'अरे, आपल्याकडं असं विद्यापीठ आहे कुठं?' नाही. बंगळुरूच्या ख्राइस्ट कॉलेजला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, कोलकात्याचं सेंट झेवियर्स विद्यापीठ २०१७ चं. आपला धर्मप्रांत, म्हणजे इथल्या बिशपांचं क्षेत्र, १९७७ चा. शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, विद्यापीठ नाही. पण पहिल्या रांगेतल्या फादर-सिस्टर मंडळींच्या मनात काय शिजतंय, याची कुणकुण मला लागलीय. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे, बरं का. आराखडा म्हणजे चार्ज देण्याचा कागद. तलाठ्याची बदली झाली की तो दप्तराचा चार्ज देतो, मुख्याध्यापक निवृत्त होताना डेडस्टॉक मोजून देतो. आपल्या खुर्चीत उद्या दुसरा बसणार, त्याला काय लागेल, हे लिहून ठेवायचं. आम्ही आराखडा लिहितो तो मात्र तपासायला येणाऱ्यासाठी.

लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजची गोष्ट सांगतो. नाव विचारू नका, तिथले दोघं इथं बसलेत. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, समिती येणार होती. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा हवा होता आणि हातात आठ दिवस होते. आराखडा लिहिणाऱ्या मंडळींत मीही होतो, त्यामुळं पाप माझ्याही माथ्यावर आहे. एका उत्साही सरांनी कुठल्याशा कोकणातल्या कॉलेजचा आराखडा मिळवला, कॉम्प्युटरवर नाव बदललं, जिल्हा बदलला, झालं! स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर. आवारात नर्सरीतून भाड्यानं आणलेल्या दीडशे कुंड्या. नॅकच्या समितीतल्या बाई चष्मा सरकवून पान वाचतायत. विचारलं, 'प्राचार्य, समुद्रकिनारा इथून किती लांब आहे?' पान चारवर ओळ राहून गेली होती, 'किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांच्या गरजा लक्षात घेऊन'. आमचे प्राचार्य शांतपणे म्हणाले, 'मॅडम, मांजरा नदी जवळच आहे.' (हशा)

थांबा, गोष्ट संपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्या परत न्यायला टेम्पो आला. वॉचमन एकेक मोजून चढवतोय. एकशे सत्तेचाळीस भरल्या. तीन कुंड्यांसाठी दीड तास भांडण. मी तिथं उभा राहून विचार करत होतो, या कुंड्यांचा हिशोब आराखड्यापेक्षा चोख आहे. प्राचार्य निवृत्त झाले. नव्या मॅडमनी आराखडा मागितला, तर तो कपाटात आणि किल्ली जुन्या हेडक्लार्ककडं. कपाट उघडलं तेव्हा कळलं, तिसऱ्या वर्षी जलतरण तलाव बांधायचा होता. तिसरं वर्ष म्हणजे २०१६. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी येत होतं.

आता जरा लांब जाऊ, डब्लिनला. तिथं १८५४ साली छोटं कॅथलिक विद्यापीठ उघडलं. पहिले रेक्टर, म्हणजे प्रमुख, जॉन हेन्री न्यूमन. विद्यापीठ कशासाठी असतं यावर त्यांनी १८५२ मध्ये दिलेली व्याख्यानं लोक अजून वाचतात. विचार थोर, व्यवहार मात्र अडलेला. राणीची सनद नाही, म्हणजे पदवीला मान्यता नाही. मग आईबाप पोरं कशाला घालतील? पैसा चर्चमधल्या वर्गणीचा. बिशपांचं आपसात जमेना. स्वतः रेक्टरांचा मठ बर्मिंगहॅमला, म्हणजे समुद्र ओलांडून ये-जा. १८५८ मध्ये त्यांनी पद सोडलं. मागं चांगलं चाललं ते सेसिलिया स्ट्रीटवरचं मेडिकल स्कूल. कारण साधं होतं. डॉक्टरकीचा परवाना बाहेरची मंडळं देत होती, विद्यापीठाच्या पदवीवाचून पोरांचं अडत नव्हतं.

आपल्याच गावात बघा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं कॉलेज काढलं तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते आलं १९५८ ला. बाबासाहेब गेले १९५६ मध्ये. ते मिलिंद कॉलेज आजही आहे. कोणाच्या लेकरांसाठी काढलंय, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अजून विषयाला हात लागला नाही म्हणा! (हशा)

तर भराभर. फादर लोकांची बदली होते, प्रांतिकांची, म्हणजे त्यांच्या संघाच्या प्रांतप्रमुखांची, मुदतही साधारण सहा वर्षांची. तुमच्याकडं माणूस जाणार हे आधीच ठाऊक असतं. आमच्या संस्थांमध्ये अध्यक्ष जात नाहीत, गेले तर चिरंजीव येतात. म्हणून चार्जचा कागद तुम्हालाच आधी जमेल.

दुसरं, १९९० च्या पोपच्या दस्तऐवजात म्हटलंय की कॅथलिक विद्यापीठात बिगर-कॅथलिक शिक्षकांचं बहुमत होऊ देऊ नये. मराठवाड्यात हा हिशोब कसा बसवणार? तेव्हा ओळख कशात राखायची, वसतिगृहात की वर्गात की फी-माफीत, ते नीट मराठीत लिहा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात संलग्नता, म्हणजे कॉलेजनं दुसऱ्या विद्यापीठाची पदवी देण्याची पद्धत, पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायचं म्हटलंय. पदवी कोणाच्या नावानं देणार, हे पहिल्या पानावर हवं. डब्लिन विसरू नका. आणि प्रत्येक कलमापुढं पैसा कुठून, हा रकाना. रिकामा असेल तर कलम खोडा.

दुसरी चिठ्ठी. एकच सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका मिशन वसतिगृहात बदली होऊन निघालेल्या फादरांची वही मी पाहिलीय. शाळेची दोनशे पानी, कव्हरवर मारुतीचं चित्र. आत लिहिलेलं, 'विहिरीची मोटर दुसऱ्या स्टार्टरवर लावा, पहिला शॉक देतो.' 'आईबाप ऊसतोडीला गेलेत, टोळ्या परत येईपर्यंत फीचं विचारू नका.' 'सातवीतला मुलगा रात्री उठून बसतो, त्याची खाट दाराजवळ ठेवा.' शेवटच्या पानावर, 'कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे. मागितल्यावर लगेच देत नाहीत, थांबावं लागतं.'