बी, गुंगी आणि ऊन: पोकेमॉनमधले ग्रास टाइप लढतात कसे

मंडळी, पोकेमॉनच्या १८ टाइपांचा, म्हणजे प्रकारांचा, तक्ता समोर घ्या आणि ग्रासच्या ओळीवर बोट ठेवा. हल्ला करताना ग्रासचा मार वॉटर, ग्राउंड आणि रॉक या तिघांवर दुप्पट बसतो. आणि निम्मा कुणावर? फायर, ग्रास, पॉइझन, फ्लाइंग, बग, ड्रॅगन, स्टील. सात जण. बचावाला या, तर फायर, आइस, पॉइझन, फ्लाइंग आणि बग असे पाच जण त्याला दुप्पट मारतात. इतके अडथळे आणि इतके कच्चे दुवे एकत्र दुसऱ्या कुठल्याच टाइपच्या वाट्याला आलेले नाहीत. तरीही गेली कित्येक वर्षं स्पर्धेतल्या चांगल्या संघांमध्ये एक तरी ग्रास टाइप हटकून दिसतो. हे कसं होतं, तेच आज उलगडायचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रासची ताकद हल्ल्याच्या आकड्यात शोधू नका, ती टर्नच्या, म्हणजे लढतीतल्या प्रत्येक फेरीच्या, शेवटी शोधा.

सुरुवात फुशिगिदानेपासून, म्हणजे आपल्या बल्बासॉरपासून. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये गेमबॉयवर पहिले दोन गेम आले, रेड आणि ग्रीन, आणि पोकेडेक्सचा क्रमांक १ मिळाला तो पाठीवर कंद घेऊन चालणाऱ्या या प्राण्याला. १६ व्या लेव्हलला आयव्हीसॉर, ३२ व्या लेव्हलला व्हीनसॉर. त्या गेममध्ये ज्यानं बल्बासॉर निवडला, त्याचा पहिला टप्पा सर्वात सोपा जायचा. पहिल्या जिममध्ये, म्हणजे जिथे एका प्रमुखाशी लढायचं तिथे, ब्रॉकचा ऑनिक्स रॉक आणि ग्राउंड दोन्ही, म्हणजे ग्रासचा मार चौपट. दुसऱ्या जिममध्ये मिस्टीचे वॉटर टाइप. तिसऱ्यात सर्जचे इलेक्ट्रिक, त्यांचा मार ग्रासवर निम्मा. अडचण चौथ्या जिमला येते. तिथे एरिका स्वतःच ग्रास टाइप घेऊन उभी असते आणि आपले पानांचे हल्ले तिच्यावर निम्मेच लागतात. नुसत्या पानांवर सगळा भार टाकून चालत नाही, हे खेळ तिथे पहिल्यांदा दाखवतो.

एरिकाकडे जे तिघं आहेत, त्यांतले दोन खऱ्या झाडांवरून थेट उचललेले आहेत. व्हाइलप्लूमचं जपानी नावच राफ्लेशिया, जगातलं सर्वात मोठं फूल. व्हिक्ट्रीबेल म्हणजे शाळेत कीटकभक्षी वनस्पतींच्या धड्यात भेटते ती घटपर्णी. एरिकाच्या संघाबाहेरच्या पॅरासेक्टची गोष्ट आणखी बारकाईची आहे. किड्याच्या अंगावर बुरशी उगवते आणि शेवटी बुरशीच किड्याला चालवते. ही कल्पना कॉर्डिसेप्सवरून आली, हिमालयात कीडाजडी म्हणून गोळा करतात तीच. पण लढतीत त्याचे हाल बघा. बग आणि ग्रास एकत्र आले की फायर आणि फ्लाइंगचा मार चौपट होतो. त्यात ‘ड्राय स्किन’ ही त्याची अ‍ॅबिलिटी, म्हणजे अंगभूत गुण, असेल, तर आगीचा मार आणखी सव्वापट. चार गुणिले सव्वा, म्हणजे पाचपट. कल्पना कितीही देखणी असली तरी दोन टाइपांचा गुणाकार आधी करून बघायचा, तो असा.

आता हाच गुणाकार उलटा फळतो ते फेरोथॉर्नमध्ये. ग्रास आणि स्टील. ग्रासचे पाच कच्चे दुवे एकेक करून घ्या. आइस, फ्लाइंग आणि बग या तिघांना स्टील निम्मं करतं, म्हणून ते तिन्ही एकपटीवर येतात. पॉइझन तर स्टीलला लागतच नाही. उरलं फायर, ते मात्र चौपट. इकडे स्टीलचा ग्राउंडचा कच्चा दुवा ग्रास झाकतं, आणि फायटिंग दुप्पट राहतं. पाचावरून दोनावर आलो. बेस आकडे, म्हणजे जातीचे मूळ आकडे, असे: डिफेन्स १३१, स्पेशल डिफेन्स ११६, स्पीड फक्त २०. ‘आयर्न बार्ब्ज’मुळे अंगाला भिडणारा प्रत्येक हल्लेखोर आपल्या एकूण एचपीचा, म्हणजे जीवशक्तीचा, १/८ गमावतो. हातात ‘रॉकी हेल्मेट’ दिलं तर वर आणखी १/६. दोन्ही मिळून प्रत्येक धडकेला त्याचे २९ टक्क्यांच्या आसपास जातात, आणि फेरोथॉर्नला त्यासाठी बोटही उचलावं लागत नाही.

याच फेरोथॉर्नच्या हातात ‘लीच सीड’ द्या. माझ्या मते पूर्ण टाइपमधली ही सर्वात हुशार मूव्ह आहे. अचूकता ९०, पीपी १०, म्हणजे दहा वेळा वापरता येते. एकदा बी रुजलं की प्रत्येक टर्नच्या शेवटी समोरच्याच्या कमाल एचपीचा १/८ भाग निघतो आणि आपल्या अंगात येतो. पहिल्या पिढीत, म्हणजे सुरुवातीच्या गेममध्ये, हा भाग १/१६ होता. नीट लक्ष द्या, १/८ हा समोरच्याच्या एचपीचा. लेव्हल १०० ची ब्लिसी, एचपी पूर्ण वाढवलेली, म्हणजे ७१४. तिच्यातून दर टर्नला ८९ निघतात. फेरोथॉर्नचा स्वतःचा कमाल एचपी पूर्ण वाढवून ३५२. म्हणजे ब्लिसी समोर बसून राहिली तर फेरोथॉर्नला प्रत्येक टर्नला पाव आयुष्य परत मिळतं. शत्रू जितका धष्टपुष्ट, तितकं पीक जास्त.

बी टाकताना चुका ठरलेल्या असतात. दहातून एकदा ती चुकते, म्हणून जिथे ती लागलीच पाहिजे अशा टर्नला तिच्यावर भिस्त ठेवू नका. ग्रास टाइपवर बी रुजत नाही. समोर ‘सब्स्टिट्यूट’, म्हणजे मार झेलणारा बाहुला, उभा असेल तरी रुजत नाही. समोरचा स्विच झाला, म्हणजे बदलून बाहेर गेला, की बी जातं. ‘रॅपिड स्पिन’ या मूव्हनंही जातं. पण आपण स्विच झालो तर? बी राहतं, आणि आपल्या जागेवर जो येईल त्याला ते एचपी मिळतात. म्हणून लीच सीड टाकून लगेच जखमी जोडीदाराला आत आणणं ही साधी पण फार उपयोगी चाल आहे.

दुसरं हत्यार गुंगीचं. ‘स्लीप पावडर’ची अचूकता ७५, ‘स्पोर’ची १००. पाचव्या पिढीपासून झोप १ ते ३ टर्नची आहे. १०० टक्के अचूकतेची झोप खेळात दुसरी नाही, आणि म्हणूनच ब्रेलूम आणि अमूंगस एवढे मानाचे. ब्रेलूमच्या बाबतीत नवे खेळाडू एक चूक हमखास करतात. श्रूमिश २३ व्या लेव्हलला ब्रेलूम व्हायला बघतो. ‘स्पोर’ शिकतो तो श्रूमिश, तेही स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये ४० व्या लेव्हलला. ब्रेलूम लेव्हल वाढवून ती कधीच शिकत नाही. म्हणून २३ पासून ४० पर्यंत प्रत्येक वेळी ‘B’ बटण दाबून रूपांतर थांबवायचं. १७ लेव्हल दुबळा श्रूमिश सांभाळायचा, मग स्पोर, मग ब्रेलूम.

सहाव्या पिढीत, २०१३ च्या एक्स आणि वायमध्ये, नियम बदलला. पावडर आणि बीजाणूंच्या मूव्ह ग्रास टाइपवर चालेनाशा झाल्या. हा बदल मला अतिशय योग्य वाटतो, कारण त्यानं ग्रास टाइपलाच ग्रासचा पहारेकरी बनवलं. आज दुहेरी, म्हणजे दोघांविरुद्ध दोघांच्या, लढतीत समोर अमूंगस दिसला की आपल्याकडचा ग्रास टाइप पुढे येतो तो याच कारणानं. नसेल तर कुणाच्या तरी हातात पावडरीपासून वाचवणारे ‘सेफ्टी गॉगल्स’ द्या. जमिनीवर ‘इलेक्ट्रिक टेरेन’ किंवा ‘मिस्टी टेरेन’ असेल, तर जमिनीला टेकलेला कुणीही झोपत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अमूंगसकडे जवळून बघा. बेस एचपी ११४, बेस स्पीड ३०. मारात दम नाही. तो करतो काय, तर ‘रेज पावडर’नं समोरच्या दोघांचे हल्ले स्वतःवर ओढून घेतो, तोवर जोडीदार मोकळेपणानं काम करतो. ग्रास टाइप हल्लेखोर मात्र या पावडरीला भुलत नाहीत, ते हवं तिथेच मारतात. ‘ट्रिक रूम’ लागली की संथ आधी खेळतो, आणि मग हा ३० स्पीडचा अमूंगस बहुतेकांच्या आधी ‘स्पोर’ सोडतो. त्याची छुपी अ‍ॅबिलिटी ‘रिजनरेटर’. बाहेर गेला की १/३ एचपी भरून येतो. लेव्हल ५० ला पूर्ण वाढवलेला अमूंगस २२१ एचपीचा, म्हणजे प्रत्येक स्विचला ७३ फुकट.

उन्हाकडे वळू. ‘क्लोरोफिल’ अ‍ॅबिलिटी उन्हात स्पीड दुप्पट करते. व्हीनसॉरचा बेस स्पीड ८०. लेव्हल ५०, स्पीड पूर्ण वाढवलेला, नेचर (स्वभाव) स्पीड वाढवणारं टिमिड, म्हणजे १४५. उन्हात २९०. सर्व पोकेमॉनमध्ये सर्वात जास्त बेस स्पीड रेजिएलेकीचा, २००. तो याच तयारीनं २७७ ला पोचतो. म्हणजे पाठीवर झाड वाहणारा हा जड प्राणी उन्हात सर्वात वेगवान पोकेमॉनच्या पुढे जातो! पण नेचर मॉडेस्ट ठेवलंत तर १३२ चे २६४ होतात आणि हीच शर्यत हरता. त्या एका निवडीवर सगळं अवलंबून आहे, तेव्हा संघ बांधताना कुणाला मागे टाकायचं आहे ते आधी कागदावर लिहा.

ऊन आणायला टॉरकोल, अ‍ॅबिलिटी ‘ड्राउट’. ऊन ५ टर्न टिकतं, हातात ‘हीट रॉक’ असेल तर ८. उन्हात ‘सोलर बीम’ एकाच टर्नमध्ये सुटतो, ‘सिंथेसिस’ निम्म्याऐवजी दोन तृतीयांश एचपी देतं, ‘ग्रोथ’ दोन्ही अटॅक एकऐवजी दोन पायऱ्या चढवते. पाऊस पडला तर सोलर बीम पुन्हा दोन टर्नचा, वर ताकद निम्मी, आणि सिंथेसिस पाव. दोन्हीकडचे हवामान आणणारे एकदम मैदानात आले तर जो संथ त्याचं हवामान शेवटी लागतं आणि टिकतं. टॉरकोलचा स्पीड २० इथे उपयोगी पडतो. उन्हाची किंमतही आहे. आग दीडपट होते, ग्रासवर ती मुळात दुप्पट, म्हणजे आता तिप्पट. ऊन आपलं असलं तरी समोरचा फायर टाइप त्यात आपल्याइतकाच खूश असतो.

शेवटचं हत्यार जमिनीचं. ‘ग्रासी टेरेन’ ५ टर्न राहते, जमिनीवरच्या सगळ्यांना टर्नच्या शेवटी १/१६ एचपी देते, शत्रूलाही. ‘अर्थक्वेक’ निम्मा होतो. आठव्या पिढीत आलेल्या रिलाबूमची छुपी अ‍ॅबिलिटी ‘ग्रासी सर्ज’ ही जमीन आल्या आल्या पसरते, आणि त्याची ‘ग्रासी ग्लाइड’ त्या जमिनीवर सर्वांच्या आधी लागते. नवव्या पिढीत या मूव्हची ताकद ७० वरून ५५ केली. तरी हिशेब बघा. लेव्हल ५० चा, अडमंट नेचरचा रिलाबूम, अटॅक १९४. समोर न वाढवलेला वॉटर टाइप मिलोटिक, एचपी १७०. टेरेन नसताना १२२ ते १४६ बसतात, तो वाचतो. टेरेन असताना ताकद १.३ पट होते आणि १६२ ते १९२ बसतात. बहुतेक वेळा मिलोटिक एकाच फटक्यात पडतो, तोही काही करायच्या आत. म्हणून रिलाबूमविरुद्ध खेळताना त्याच्या अटॅकइतकंच लक्ष जमिनीवर ठेवा. आपला टेरेन बदलणारा पोकेमॉन रिलाबूमच्या नंतर मैदानात आला पाहिजे, आधी आला तर त्याची मेहनत पुसली जाते.

आता हे सगळं संघात बसवायचं कसं? अमूंगसचे कच्चे दुवे फायर, आइस, फ्लाइंग आणि सायकिक. शेजारी ‘फ्लॅश फायर’वाला हीट्रान ठेवा, फायर आणि स्टील. आग त्याला लागत नाही, आइस पाव, फ्लाइंग आणि सायकिक निम्मे. चारही झाकले गेले. हीट्रानचे दुवे वॉटर, फायटिंग आणि ग्राउंड. पहिले दोन अमूंगस निम्मे घेतो. ग्राउंड मात्र ग्रासमुळे निम्मा आणि पॉइझनमुळे दुप्पट, म्हणजे अमूंगसवर एकपट, आणि हीट्रानवर चौपट. भोक इथे आहे. तिसरा जोडीदार फ्लाइंग घ्या किंवा हीट्रानच्या हातात ‘एअर बलून’ द्या, म्हणजे ग्राउंड लागणार नाही. मात्र बलून पहिल्याच फटक्याला फुटतो, त्यामुळे तो फुटला की पुढच्याच टर्नला हीट्रान बाहेर आणि अमूंगस आत.