गाडी किती पळाली?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभर पानी वही आहे. २००८ साली वॅगन आर घरी आली त्या दिवशी आमच्या ह्यांनी ती सुरू केली. जन्म बँकेत गेलेला, त्यामुळे पेढे वाटायच्या आधी रकाने आखले. तारीख, मीटर, लिटर, रुपये. पेट्रोल भरलं की नोंद झालीच पाहिजे, मागे हॉर्नचा गजर चालू असला तरी. पाचवा रकाना मी जबरदस्तीनं घालायला लावला. त्याचं नाव ‘शेरा’. गाडी कुठे आणि कशासाठी गेली ते त्यात मी लिहायचं.

परवा मीटर १,१२,३४० वर होता. सतरा वर्षांत एवढे. वर्षाला सरासरी साडेसहा हजार पडले. अमेरिकेत सरकारी आकडेवारीप्रमाणे लायसन्स असलेला माणूस वर्षाला सरासरी साडेतेरा हजार मैल गाडी चालवतो, म्हणजे जवळपास पावणेबावीस हजार किलोमीटर. आमच्या गाडीला तेवढ्यासाठी तीन वर्षांहून जास्त लागतात. तिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते, आमच्याकडे कोथरूडमध्ये दूधवाला दाराला पिशवी अडकवून जातो. हाही फरक धरायला हवा.

पण सरासरीत काही कळत नाही. वही उलटली की कळतं. पहिल्या पाच वर्षांतच ५४ हजार झाले होते, कारण सासूबाई वाईला एकट्या होत्या. एक रविवार आड आम्ही निघायचो. कात्रज मागे टाकलं, खंबाटकी चढलो, सुरूर फाट्याला वळलो की मुलगी झोपेतून उठायची. जाऊन येऊन १८० किलोमीटर. शेऱ्यात ‘वाई’, ‘वाई, मोतीबिंदू’, ‘वाई, हळदीची पोती’, आणि मग एका पानावर नुसतं ‘वाई’, तारीख आठवड्याच्या मधल्या वारची. त्यानंतर वाई वर्षातून दोनदा. पुढच्या सात वर्षांत मिळून ४५ हजार. मार्च २०२० ते मार्च २०२१ मध्ये फक्त ६४०. त्यातले बरेचसे, बॅटरी उतरू नये म्हणून सोसायटीला घातलेल्या प्रदक्षिणांचे. शेऱ्यात ह्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘निष्कारण’.

आपल्याकडे ‘किलोमीटर पडले’ म्हणतात ना, त्याची एक गंमत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकारानं अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन लिहून ठेवलंय. चार फूट व्यासाचं चाक, त्याला दातेरी चक्रं जोडलेली. चाकाचे चारशे फेरे झाले की एक रोमन मैल पुरा, आणि एक खडा खालच्या भांड्यात टप्पकन पडायचा. मुक्कामाला पोचलं की खडे मोजायचे. म्हणजे तेव्हा मैल खरोखरच पडत होते.

माझ्या वडिलांच्या फियाटला पाच आकड्यांचा मीटर होता. ९९,९९९ झाले की पुढचा आकडा पाच शून्यांचा. बाबा तो क्षण बघायला लक्ष्मी रोडवर गाडी बाजूला घेणार होते, आणि नेमकी आधीच्या आठवड्यात मीटरची केबल तुटली. चाकं फिरतायत, मीटर ढिम्म. ती केबल बदलायला आठ महिने लागले. म्हणजे त्या गाडीचे खरे किलोमीटर देवालाच ठाऊक.

आता मुद्द्याकडे येते. गेल्या वर्षी भाच्याला जुनी गाडी घ्यायची होती. त्यानं गाडीबद्दल एकच प्रश्न लावून धरला, “रनिंग किती?” विकणाऱ्यानं सांगितलं, बेचाळीस हजार, एकच मालक, डॉक्टरांची गाडी. (जुन्या बाजारातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या का असतात, हे मला अजून कळलेलं नाही. इतके डॉक्टर पुण्यात असते तर दवाखान्यात नंबर लावून बसावं लागलं नसतं.) आमच्या मिस्त्रींना बरोबर नेलं. त्यांनी मीटरकडे पाहिलंच नाही. खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं, ते गुळगुळीत. स्टीअरिंग चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटचा कडेचा फोम बसलेला. मग कंपनीच्या वर्कशॉपमधून गाडीचा सर्व्हिस इतिहास मागवला. दोन वर्षांपूर्वीची नोंद ८८ हजारांची. भाचा चिडला. मिस्त्री म्हणाले, “मीटर मागं फिरवतात, साहेब. पेडलचं रबर बदलायचं मात्र विसरतात.”

पण मिस्त्रींचं पुढचं बोलणं मला जास्त पटलं. ते म्हणाले, “काकू, अठ्ठ्याऐंशी हजार हायवेचे असते तर मी डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. प्रश्न किती पळाली हा नाही, कुठं पळाली हा आहे.”

घरी येऊन ह्यांनी लगेच कागद काढला. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीनं जगातल्या शहरांच्या रहदारीची २०२४ ची यादी दिली. त्यात सर्वांत संथ शहरांमध्ये आपलं पुणं चौथं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी अठरा. आता आमचे शेजारी कोथरूडहून हिंजवडीला जातात, येऊन जाऊन ३२ किलोमीटर. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर सात हजार. ताशी अठराच्या हिशोबानं इंजिन चाललं ३९० तास. तेच सात हजार वाई-कोल्हापूर करत साठच्या वेगानं काढले, तर ११७ तास. मीटरवर दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी. एकीच्या इंजिनानं तिप्पटीहून जास्त तास काढलेत, त्यातही क्लच अर्धा दाबून, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, चांदणी चौकापासून पुढे. गाडीला तासांचाही मीटर हवा होता असं मला वाटतं. ट्रॅक्टरला असतो.

त्याहून वाईट म्हणजे दोन किलोमीटरच्या फेऱ्या. भाजी, क्लास, परत घरी. इंजिन पुरतं तापतच नाही. आत साचलेला ओलावा उडून जात नाही, तो तेलात मिसळतो. स्टार्टरनं खाल्लेली वीज बॅटरीत परत भरायला वेळच मिळत नाही. आमच्या इमारतीत एक गाडी नऊ वर्षांची आहे, २१ हजार पळालेली, कायम कव्हरखाली. मालक अभिमानानं सांगतात, नव्यासारखी आहे. गेल्या पावसाळ्यात बोनेट उघडलं तर उंदरांनी वायरिंगचा फडशा पाडलेला. टायरची नक्षी शाबूत, पण कडेला भेगा. टायरवर तो कधी बनला ते सांगणारा चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यांच्या टायरवर २३१६ होतं, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. रबर नुसत्या वयानंही कडक होतं, ब्रेकचं ऑइल उभ्या गाडीतही ओलावा शोषतं. म्हणून तर सर्व्हिसच्या पुस्तकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. आपण पहिलाच अर्धा वाचतो.

दुसरं टोक म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे अर्व्ह गॉर्डन. शाळेत विज्ञान शिकवायचे. १९६६ साली लाल व्होल्वो घेतली, रोज नोकरीसाठी जाऊन येऊन १२५ मैल. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात त्या एका गाडीचे तीस लाख मैल पुरे झाले. किलोमीटर करा, ४८ लाख. चंद्रापर्यंत सहा वेळा जाऊन परत. जगावेगळं असं त्यांनी काही केलं नाही, गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं, ते सांगेल तेव्हा तेल बदललं, आणि लांबचे, मोकळे रस्ते मिळाले. तीच गाडी नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी राहिली असती तर विक्रम झाला असता का, ही शंका मी घरात बोलून दाखवली. ह्यांनी परत कागद घेतला. मी चहा टाकायला उठले.

२०२३ मध्ये आमच्या गाडीला पंधरा वर्षं झाली. पर्यावरण कर भरला, आरटीओत तपासणी झाली, पाच वर्षांची मुदत वाढवून मिळाली. वनाजहून मेट्रो सुरू झाल्यापासून डेक्कनला, स्टेशनला गाडी नेतच नाही, त्यामुळे हल्लीचे किलोमीटर अगदीच थोडे. मिस्त्रींनी बजावलंय, आठवड्यातून एकदा तरी तिला तासभर मोकळ्या रस्त्यावर पळवा.

म्हणून येत्या रविवारी निघतोय. वाईच्या घराला आता कुलूप असतं, पण मागच्या अंगणातला आंबा अजून धरतो. परवाच्या नोंदीपुढचा शेऱ्याचा रकाना मी मोकळा ठेवला होता. काल रात्री त्यात लिहिलं, ‘वाई’. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “अजून गेलो नाही आपण. नोंद आल्यावर करायची असते.”

नमस्कार.