तीन हजार पटीपर्यंतचा रस्ता

[दृश्य १ : वरून घेतलेलं टाइम-लॅप्स. काळं आयताकृती ताट, दोन टोकांना पांढऱ्या रेषा.]

१२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद. एरवी तळहातावर मावते तीच पेट्री डिश, टेबलाच्या मापाची. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये रॉय किशोनी, मायकेल बेम, टॅमी लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, काळी शाई घातली आहे, म्हणजे वाढणारे जिवाणू पांढरे उठून दिसतात.

ताटात नऊ पट्टे आहेत. टोकाच्या दोन पट्ट्यांत औषध नाही. आत सरकलं की ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक: साध्या ई. कोलाय जिवाणूला रोखायला जेवढं पुरतं त्याच्या ३ पट, पुढे ३० पट, मग ३००, आणि मधोमध ३,००० पट. या सगळ्यावर पातळ, मऊ अगारचा थर. हा थर नसता तर जिवाणू टाकले तिथेच ढीग करून बसले असते. मऊ थरात ते पोहू शकतात. जवळचं अन्न संपलं की अन्न असलेल्या दिशेला सरकतात.

[दृश्य २ : पहिली सीमा. पांढरी आघाडी थबकते.]

इथे ते अडले. वाट पाहा.

[तीन सेकंद निवेदन नाही. सीमेपलीकडे एक ठिपका, त्यातून पसरणारा पंखा.]

या पंख्यातले सगळे जिवाणू एकाच पेशीची संतती आहेत. ई. कोलायच्या जीनोममध्ये सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात, आणि साधारण हजार विभाजनांमागे एखादी नक्कल चुकते. सीमेवर पेशी कोट्यवधी असल्यामुळे उपयोगी चूक कुठे ना कुठे सापडतेच. औषध ही चूक घडवत नाही. बाकीच्यांना थांबवून तिला जागा मोकळी करून देतं.

ट्रायमेथोप्रिम अडवतं ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर (एन्झाइम). ते बंद पडलं की पेशीला वापरता येईल असं फोलेट तयार होत नाही, फोलेटशिवाय थायमिडीन हा डीएनएचा घटक नाही, आणि थायमिडीनशिवाय डीएनए नाही. म्हणून बदल पुन्हा पुन्हा या विकराच्या जनुकात सापडले. काही शाखांमध्ये नक्कल तपासणारं डीएनए-क्यू हे जनुकच बिघडलं होतं: चुका दुरुस्त होईनात, उत्परिवर्तनं भराभर साचू लागली.

[दृश्य ३ : ३०, ३०० आणि ३,००० पटीचे पट्टे, वेगवान.]

प्रत्येक सीमेवर तेच घडतं. नव्या बदलाने औषध सोसतं, पण वाढ अनेकदा मंदावते. पुढचा एखादा बदल तो वेग भरून काढतो. अकरा-बारा दिवसांत मधला पट्टा पांढरा होतो.

आता आघाडीच्या मागे पाहा, इथे नजर सहसा जात नाही. मागे अडकलेल्या काही पेशी आघाडीवाल्यांपेक्षाही जास्त औषध सोसणाऱ्या निघाल्या. पुढची जागा आणि अन्न इतरांनी आधीच घेतलं होतं, एवढंच. संशोधकांनी त्यांना उचलून आघाडीपुढे ठेवलं, आणि त्या वाढल्या.

मधल्या पायऱ्या काढून शून्यावरून थेट चढ्या मात्रेला भिडवलं, तेव्हा मात्र जिवाणू अडकून पडले. अपुऱ्या मात्रेचा पट्टा ही त्यांची पायरी असते. प्लास्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांवरून, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारी तयार जनुकं हा रुग्णालयांतला फार मोठा मार्ग. तो या ताटात नाही.

[दृश्य ४ : सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा. हातमोजे, स्वॅब, डिस्क.]

एखाद्या रुग्णातला जिवाणू कितव्या पायरीवर आहे, हे कळायला तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी कल्चर लावायचं, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवायचे. दुसऱ्या दिवशी वाढलेल्या कॉलनीवर, म्हणजे जिवाणूंच्या ठिपक्यावर, डिस्क चाचणी: औषध भरलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी वाचन: चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ मोजायचं. नमुना मात्र अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधीचा हवा. नंतरच्या नमुन्यात अनेकदा काहीच उगवत नाही.

कॉलनी सलाईनमध्ये मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या ठरलेल्या मापाला जुळवतात. १५ मिनिटांच्या आत स्वॅब म्युलर-हिंटन या चाचणीसाठी ठरलेल्या अगारवर तीन दिशांनी फिरवायचा, दर वेळी प्लेट ६० अंशांनी वळवून. मग ६ मिलिमीटरच्या डिस्क. एकदा टेकलेली डिस्क हलवायची नाही, औषध लगेच अगारमध्ये उतरू लागतं. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास.

[दृश्य ५ : प्लेटखाली पट्टी, स्वच्छ वर्तुळाचं माप.]

चुका इथेच होतात. अगार ४ मिलिमीटर जाड हवा, म्हणजे ९० मिलिमीटरच्या प्लेटला सुमारे २५ मिलिलिटर. पातळ ओतला तर वर्तुळ मोठं येतं आणि निकामी औषध चालेलसं वाटतं. जिवाणू दाट पडले तर उलट. माध्यमात थायमिडीन जास्त असेल तर जिवाणूला ते आयतं मिळतं, आणि चांगलं ट्रायमेथोप्रिमही फसल्यासारखं दिसतं. डिस्कची डबी फ्रिजमधून काढून लगेच उघडली तर बाष्प धरून डिस्क खराब होतात. यातलं काहीही महागडं उपकरण मागत नाही. प्रशिक्षित हात आणि वेळ मागतं, आणि तेवढी माणसं नेमायला हवीत.

[दृश्य ६ : अतिदक्षता विभागाची मार्गिका. आवाज नाही.]

२०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या अँटिबायोटिक-प्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज आहे.

[दृश्य ७ : पुन्हा प्लेट. स्वच्छ वर्तुळात दोन बारीक कॉलनी.]

या दोन कॉलनी पुसून 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषध लागू पडतं, असं लिहायचं नाही. दुसऱ्या जिवाणूची भेसळ असेल, किंवा त्याच जिवाणूची औषध सोसणारी संतती. त्या उचलून वेगळ्या वाढवायच्या, ओळख तपासायची, डिस्क चाचणी नव्याने लावायची. रिपोर्ट एक-दोन दिवस लांबतो. वॉर्डला तसं फोनवर कळवायचं.